तिकडचं आवतन

एका रविवारी सकाळी वाव्हळे मामांनी मला दुसऱ्या ग्रहावर येण्याचं आवतन दिलं. मी दारात बसून मेथी निवडत होते. मामा फाटकाबाहेर उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्याला तेल, आणि लग्नाचं बोलावणं घेऊन आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसला अवघडलेपणा. मी आत या म्हटलं, तर आत येईनात.

"आत न्हाई येत, बाई. आवतन द्यायला आलोय. तुमाला तिकडं यायचं हाय."

तिकडं म्हणजे कुठं, नांदेडला का, असं मी विचारलं. मामांनी मान हलवली आणि एक बोट वर केलं. मला वाटलं, गेलं कुणीतरी. हात पुसत उठले, तेव्हा त्यांनी खुलासा केला की ते स्वतः लिहायला घेतलेल्या पुढच्या कथेबद्दल बोलतायत. त्या कथेत एक शाळा येणार, शाळेला बाई लागणार, आणि आमच्या गल्लीत बाई म्हणजे मीच.

मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला कुठलंही निमंत्रण आलं की आधी त्यातली ड्युटी दिसते. म्हणून मी विचारून घेतलं. तिकडे निवडणुकीचं काम लावतात का? नाही. जनगणना? नाही. खिचडीच्या तांदळाचा हिशोब? मामा म्हणाले, तिकडं पोरं घरूनच पोटभर जेवून येतात. माझ्या वर्गातली पोरं डोळ्यांपुढे आली आणि माझी थट्टा करायची हौस फिटली. येते म्हटलं.

"आसं मेथी निवडत न्हाई. नीट म्हणा."

मग मी परात बाजूला ठेवली, उभी राहिले आणि म्हणाले, "येते, मामा." तेव्हा कुठे ते समाधानाने पुढच्या घरी गेले.

पूर्णा हे जंक्शन आहे. म्हणजे इथे गाड्या थांबतात, माणसं उतरतात, चहा पितात आणि दुसऱ्या गाडीने भलतीकडे जातात. आम्ही बघत बसतो. अशा गावात एखाद्याला आकाशातलं सुचावं यात खरं तर नवल नाही, पण गावाला ते नवलच वाटायचं. आमच्या दोघांच्या घरांत एक सामाईक भिंत आहे. मामांना काही सुचलं की त्या भिंतीवर टकटक व्हायची आणि मला ऐकावं लागायचं. आवड म्हणून नाही, शेजारधर्म म्हणून. पुढे पुढे टकटक झाली नाही की मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं, ते जाऊ द्या.

मामा रेल्वेत कॉलबॉय होते. मोबाईल येण्याआधीची ही नोकरी. गाडीवर ज्यांची पाळी असेल त्या ड्रायव्हर-गार्डच्या घरी सायकलवर जायचं, दार वाजवायचं आणि 'चला, बोलावणं आलंय' असं सांगायचं. केस पिकले तरी पदाचं नाव बॉयच. फोन आले आणि हे काम संपलं, मामांना एका ऑफिसात पाणी द्यायला बसवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. पण बोलावल्याशिवाय कुणी कुठे जात नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलं ते मुरलंच. "बोलावल्याबिगर इंजिन बी हालत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो फोनवर म्हणतो, बाबा, कधीही या, घर तुमचंच आहे. मामा अजून गेलेले नाहीत. कधीही या, हे काही आवतन नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यात वार पाहिजे, वेळ पाहिजे.

त्यांच्या ग्रहाला नाव नाही. 'तिकडं' म्हणतात, बस्स. तिकडे दोन चंद्र आहेत. ऊन हवं असेल तर मागून घ्यावं लागतं. आमच्याकडे आठ-आठ दिवस नळ कोरडा राहिला की बायका मुद्दाम त्यांना छेडायच्या, मामा, तिकडं नळाला पाणी कधी येतं हो? मामा अगदी गंभीरपणे सांगायचे की तिकडं नळ नाहीत, पाणीच घरोघर येतं आणि दार वाजवतं. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि रिकाम्या घागरी घेऊन पुढे जायच्या.

आता लेखक म्हटला की त्याने माणसं मनाने उभी करावीत, नावं बदलावीत. मामांचं तसं नाही. कथेत येणारी सगळी माणसं गावातली, खऱ्या नावाची, आणि रीतसर आवतन दिलेली. आवतन नाही तर माणूस कथेत नाही. यामुळे त्यांच्या लेखनाचा वेग फार कमी होता, कारण माणसं अटी घालायची. कोपऱ्यावरच्या चहावाल्या कलीमभाईंना त्यांनी यानाचा ड्रायव्हर करायचं ठरवलं. कलीमभाईंनी विचारलं, "मामू, वां दूद का बंदोबस्त हय क्या?" त्यांना टपरी सोडायची नव्हती. शेवटी यानातच टपरी बसवावी लागली. त्यामुळे त्या कथेत यान दर दोन पानांनी थांबतं आणि सगळे उतरून चहा पितात.

गल्लीच्या टोकाला सोनाबाई राहते. धनगराची म्हातारी, नवरा नाही, मूलबाळ नाही, दावणीला शेळ्या. तिने स्पष्ट सांगितलं, "माझ्या शेरडांबिगर मी कुटं जात न्हाई." मामांनी विचार केला आणि त्यांना ते पटलं. मग एका सकाळी त्यांनी सोनाबाईच्या दावणीशी उभं राहून एकेका शेळीचं नाव घेऊन आवतन दिलं. शेळ्यांनी काय उत्तर दिलं, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले की पांढरीनं जरा वेळ घेतला, बाकीच्यांची हरकत नव्हती.

ह्या शेळ्यांनीच त्यांचा घात केला. आयुष्यात एकदाच पुण्याच्या एका मोठ्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा आवडली होती. असं मराठीत कुणी लिहीत नाही, म्हणाले. फक्त शेळ्या काढा, वाचक इतकी नावं लक्षात ठेवत नाही. मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, काढा हो मामा, शेळ्यांना काय कळतंय. मामांचा आवाज मात्र हात जोडून उभ्या असलेल्या माणसासारखा येत होता.

"त्येंना आवतन दिलंय, साहेब. बोलावून पानावरून उठवायचं, ह्ये आमच्यात लय वंगाळ."

पलीकडून बहुधा 'शेळ्यांना?' असं विचारलं गेलं असावं. मामा म्हणाले, व्हय, शेळ्यांना. कथा परत आली. मामा त्याच दिवशी सोनाबाईकडे जाऊन कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगून आले. तिला वाटलं जेवण रद्द झालं. ती म्हणाली, असू द्या, शेरडांचं पोट भरलेलंच हाय. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. असा फोन पुन्हा येणार नव्हता, आणि आलाही नाही.

मामांना साहित्यात बसायला जागाच नव्हती, असं मला वाटतं. म्हणजे जागा द्यायचे, पण भलतीच. परभणीच्या एका संमेलनात त्यांना वंचितांच्या परिसंवादात घातलं, तेही जेवणाच्या वेळेला. आडनाव आणि वस्ती पाहून लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की हा माणूस रडवणार. मामांनी दोन चंद्रांची कथा वाचली. अध्यक्ष नाराज झाले. इतका दाहक अनुभव गाठीशी असताना हे ग्रह-तारे कशाला, असं त्यांनी भर सभेत विचारलं. मामा म्हणाले, "दाहक भोगलंय की, साहेब. लिवताना तरी जरा दुसरीकडं जाऊ द्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या कथेला नव्हत्या.

गंगाखेडला त्यांना बालसाहित्यात बसवलं. पोरं खूश झाली, आम्हालाही न्या म्हणाली, आणि मामांनी तिथल्या तिथे सगळ्या वर्गाला आवतन देऊन टाकलं. त्यामुळे तिकडे आता गंगाखेडच्या पोरांची ही गर्दी आहे आणि शिकवायला मी एकटी. विज्ञानकथावाल्यांनी पत्राने विचारलं, पाणी दार कसं वाजवेल? त्याला काही शास्त्रीय आधार? आणि घरचे म्हणावेत तर वस्तीतल्या पोरांनी जयंतीसाठी गाणं मागितलं. मामांनी मनापासून लिहिलं. तिकडच्या चंद्रावर जयंतीची मिरवणूक निघते. तिथे हवा नसल्यामुळे डीजे ऐकू येत नाही, पण नाचणाऱ्या पायांचा थरथराट जमिनीतून प्रत्येकाच्या पायाला कळतो. मला ते वाचून अंगावर काटा आला होता. पोरांनी मात्र अदबीने परत आणून दिलं. पोरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्षातून एक दिवस वाजवायला मिळतं, आणि नेमकी त्याच दिवशी मामांनी हवा काढून घेतली.

कविता ते कमी करायचे आणि एकदाच वाचायचे. एका दुपारी भिंतीवर टकटक झाली आणि पलीकडून आवाज आला,

तिकडच्या आकाशात
माझ्या गावाचा एक ठिपका आहे.
कुणी बोट दाखवलं की
मी इथून हात वर करतो.

छान आहे म्हटलं आणि कुकर बंद करायला गेले.

मामींबद्दल सांगायचं राहिलं. त्यांच्या बायकोला आम्ही मामी म्हणायचो. तिकडचं पहिलं आवतन मामांनी त्यांनाच दिलं होतं. भाकरी थापता थापताच त्या 'येते की' म्हणाल्या होत्या, आणि तेव्हा मामांनी नीट म्हणायचा आग्रह धरला नाही. पुढे कावीळ झाली आणि त्या गेल्या. मामांची कुठलीही कथा काढा, यान असो, शाळा असो, कुठल्या तरी कोपऱ्यात एक बाई पाण्यात पाय सोडून बसलेली असते. ती काही बोलत नाही, कथेत तिचा काही उपयोग होत नाही. तिला एखादं काम द्या, असं मी एकदा सुचवून पाहिलं. लय काम केलंय तिनं, म्हणाले, तिकडं तिला काम लावायचं नाही.

आणि यंदा जिल्ह्याचं संमेलन आमच्या पूर्णेतच भरायचं ठरलं.

मामा हरखले. बोलले काही नाहीत, पण सदरा धुऊन इस्त्रीला दिला, आणि वाचायची कथाही काढून ठेवली, शेळ्यांचीच. सोनाबाईला समोर बसवून तालीम केली. ती दुसऱ्या पानाला झोपली, शेळ्या जाग्या होत्या. ह्या वेळी वंचितांत नको, बालकांत नको, नुसत्या कथाकथनात बसवतील, एवढीच त्यांची इच्छा होती. आपल्याच गावात, इतर कथांच्या रांगेत एक कथा म्हणून. पोस्टमन गल्लीत आला की ते फाटकाशी उभे राहायचे. दोनदा मला विचारून गेले, चुकून तुमच्या घरी पत्र टाकलं नाही ना?

मी स्वागत समितीत होते. शिक्षिका असल्यावर ओवाळायचं ताट आपल्याच हातात येतं. बैठकीत मी मामांचं नाव काढलं. संमेलनाचा सगळा भार प्राध्यापक कदमांवर होता. भला माणूस, गावासाठी रात्रंदिवस राबणारा. ते हसले.

"मामांना कसलं पत्र, बाई? ते घरचेच. घरच्याला कुणी आवतन देतं का?"

सगळे हसले, आणि प्रेमाने हसले. मी त्या हसण्यात कपट शोधलं. सापडलं असतं तर भांडता आलं असतं. मामा येतीलच, दोन-पाच मिनिटं मिळाली तर वाचतील, असं ठरलं. शिवाय रेल्वेची माहिती असल्याने बाहेरगावच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं काम त्यांच्याकडे दिलं. पत्रिका छापून आली. कथाकथनात सगळी बाहेरची नावं होती.

हा निरोप सांगायचं माझ्याच कपाळी आलं. सर तुम्हाला घरचे मानतात, असं मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं. मामा बराच वेळ फाटकाची कडी हलवत राहिले.

"घरचा मानूस पंगतीत शेवटी बसतो, बाई. ते बी चालतंय. पन बस म्हणाया कुणीतरी लागतंय की."

तरी ते स्टेशनवर गेले. कामाला नाही म्हणायची सवयच नव्हती त्यांना. सकाळच्या गाडीने आलेल्या पाहुण्यांना घेऊन रिक्षा मंडपाशी आल्या, मी ताट घेऊन उभी होते. मामांनी प्रत्येकाला कमानीपर्यंत आणलं, माझ्याकडे बोट दाखवलं, आणि स्वतः कमानीच्या बाहेरच थांबले. मी डोळ्यांनी आत या म्हणून खुणावलं. त्यांनी हात वर केला, थोडा, खांद्यापर्यंत, आणि वळून घराकडे चालू लागले. तेव्हा मला ती कुकरच्या वेळची कविता आठवली आणि ताटातली निरांजनं मला नीट दिसेनात.

दुपारी कथाकथनाला एक पाहुणा आलाच नाही. वेळ रिकामा पडला. कदम सरांनी माईक हातात घेतला, "आपले वाव्हळे मामा मंडपात कुठे असतील तर त्यांनी स्टेजवर यावं." मग पुन्हा एकदा, "असतील तर."

मी ताट ठेवलं आणि घराकडे पळाले. मंडप आमच्या गल्लीमागच्याच मैदानात होता, एक कर्णा आमच्या खांबालाही बांधलेला. मामा ओसरीवर खुर्चीत बसले होते. अंगात तोच सदरा, खिशात घडी घातलेली कथा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी धापा टाकत म्हटलं, चला, बोलावतायत.

"मला न्हाई बोलवायलेत, बाई. रिकामी जागा भरायलेत." मग म्हणाले, "असतील तर म्हणायलेत. ह्याच गावात जल्म गेला माझा."

मला राग आला. कदम सरांचा आला, न आलेल्या पाहुण्याचा आला, मामांचाही आला. साऱ्या गावाला, शेळ्यांनासुद्धा आवतनं वाटत फिरणारा हा माणूस, ह्याला एवढं कसलं मानपान? मी जरा चढ्या आवाजात विचारलं की तुमच्या तिकडं तरी तुम्हाला मान आहे ना, तिथले अध्यक्ष तुम्हीच असाल. आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं की त्यांच्या एवढ्या कथांतून मी कलीमभाईंना पाहिलं, सोनाबाईला पाहिलं, स्वतःला पाहिलं, पण मामा मला कुठेच दिसले नव्हते.

"मी न्हाई तिकडं," मामा म्हणाले.

मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खिशातली घडी चाचपत होते.

"आपलं आवतन आपनच द्यायचं नसतं, बाई. सगळ्यांला मी दिलं. मला कोन देनार?"

मी लेखक नाही. तिसरीच्या पुस्तकापलीकडे माझं वाचन नाही. पण रीत मला माहीत होती, कारण ती मी त्यांच्याकडूनच शिकले होते. मी ओसरीवरून उतरले, अंगणातून फाटकाबाहेर गेले आणि कडी लावून घेतली. पदर सारखा केला. कर्ण्यावर कार्यक्रम आटोपत आला होता, रिकाम्या वेळात कदम सरांनी आभार उरकायला घेतले होते.

"वाव्हळे मामा," मी म्हटलं, "तुम्हाला तिकडं यायचं आहे."

मामांनी वर पाहिलं. उठायला गेले, खुर्चीचा हात धरून तसेच राहिले. सगळ्या गावाने त्यांना जे विचारलं होतं, तेच त्यांनी मला विचारलं.

"तिकडं मी काय करू?"

"काही करायचं नाही. मामी पाण्यात पाय सोडून बसल्यात ना, त्यांच्याशेजारी बसायचं."

कर्ण्यावर मंडपवाल्यांचे आभार झाले, जेवणवाल्यांचे झाले. मग स्टेशनवरच्या व्यवस्थेबद्दल वाव्हळे मामांचे झाले, आणि टाळ्याही झाल्या. मामांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. चष्मा पुसून झाला तरी पुसत राहिले.

"येतो," ते खाली बघूनच पुटपुटले.

"असं नाही, मामा. नीट म्हणा."

ते उभे राहिले. सदरा खाली ओढला, दोन पावलं पुढे आले आणि फाटकापलीकडून माझ्याकडे बघत म्हणाले, "येतो, बाई."